मॉरित्सहाउस पाहायला जाताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नेदरलँड्सला येणारे आपल्याकडचे पाहुणे बहुधा ॲमस्टरडॅमचे कालवे, ट्यूलिपच्या बागा आणि पवनचक्क्या पाहून परततात, आणि विमानतळावर फ्रिजला लावायचे चुंबक विकत घेताना त्यावरच्या चित्रातली निळ्या फेट्यातली मुलगी प्रत्यक्षात कुठे राहते, असे विचारतात. ती द हेग शहरात, मॉरित्सहाउस नावाच्या सतराव्या शतकातल्या एका वाड्यात राहते. हे संग्रहालय लहान आहे. संग्रहात सुमारे ८५० कलाकृती असल्या तरी भिंतींवर एका वेळी दोन-अडीचशेच असतात, त्यामुळे पाय न दुखवता आणि डोके न भणभणता पाहून होणारे हे युरोपातल्या मोजक्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. मी कामानिमित्त या देशात राहतो आणि नातेवाइकांना घेऊन तिथे अनेकदा गेलो आहे. पहिल्या भेटीत केलेल्या चुका इतरांनी करू नयेत, एवढ्यासाठी हे टिपण आहे.

१. कोणते चित्र कोणत्या शहरात आहे, हे आधी नक्की करावे

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस फर्मीर याचे ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ हे, म्हणजे चुंबकावरचे, चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये नाही. तिथे त्याची ‘दूध ओतणारी बाई’ आहे, आणि रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ही तिथेच आहे. फर्मीर ज्या डेल्फ्ट गावचा, तिथे त्याचे एकही मूळ चित्र नाही. तिथल्या फर्मीर केंद्रात आहेत त्या केवळ प्रतिकृती. मॉरित्सहाउसमध्ये त्याची तीन चित्रे आहेत : ही मुलगी, ‘डेल्फ्टचे दृश्य’ आणि ‘डायना आणि तिच्या सख्या’.

दुसरी खबरदारी अशी, की प्रसिद्ध चित्रेही कधीकधी परगावी जातात. २०२३ साली राइक्सम्यूझियमने फर्मीरची २८ चित्रे एकत्र आणली, तेव्हा ही मुलगीही काही आठवडे ॲमस्टरडॅमला होती, आणि तिच्या जागी जगभरातल्या हौशी लोकांनी केलेल्या तिच्या आवृत्त्या दाखवल्या जात होत्या. ज्या चित्रासाठी आपण मुद्दाम जात आहोत ते त्या दिवशी जागेवर आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

२. तिकीट : वार, वेळ आणि वय

तिकीट संकेतस्थळावरून, प्रवेशाची वेळ निवडून काढावे. प्रौढांसाठी ते २० युरोंच्या आसपास असते. १९ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, तरी आरक्षण करताना त्यांचीही नोंद करावी. संग्रहालय मंगळवार ते रविवार सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडे असते. सोमवारी मात्र ते दुपारी १ वाजता उघडते. हे वाक्य मी जाणूनबुजून वेगळे लिहिले आहे, कारण पहिल्या खेपेला आई आणि सासरे यांना घेऊन मी सोमवारी सकाळी दहा वाजता दारात उभा होतो. वार न पाहण्याची चूक सर्वस्वी माझीच होती, आणि भुरभुर पावसात तळ्याकाठच्या बाकावर काढलेले ते तीन तास आईने आजतागायत विसरू दिलेले नाहीत.

वेळ निवडायची झाल्यास सकाळची पहिली घ्यावी. अकरानंतर पर्यटकांचे गट येऊ लागतात, आणि वाड्यातली दालने घराच्या खोल्यांएवढीच असल्यामुळे एका गटानेही दालन भरून जाते.

नेदरलँड्समध्येच राहणाऱ्यांनी ‘म्यूझियमकार्ट’ या वार्षिक पासाचा विचार अवश्य करावा. तो देशातल्या सुमारे ५०० संग्रहालयांत चालतो आणि वर्षात चार-पाच ठिकाणी गेले तरी खर्च वसूल होतो. महिनाभरासाठी आलेल्या आईवडिलांसाठी मात्र साधे तिकीटच परवडते.

३. सोबत काय असावे

- तिकिटाचा क्यूआर कोड, मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला.
- प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र, टॅप करून चालणारे बँक कार्ड. कारण पुढे येईल.
- ओळखपत्र, भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट आतल्या खिशात ठेवावा.
- स्वतःचे इअरफोन. संग्रहालयाचे ॲप विनामूल्य आहे आणि चित्रांविषयीची माहिती त्यातून ऐकता येते. ॲप घरीच उतरवून घ्यावे.
- जवळचे पाहण्याचा चष्मा. काही चित्रे वहीच्या पानाएवढी आहेत, आणि चष्मा विसरलेल्या ज्येष्ठांना त्यांतले निम्मे दिसत नाही.
- छोटी वही आणि पेन्सिल, टिपणे घेण्याची सवय असल्यास.

भारतातून येणाऱ्यांनी संग्रहालयाचे तिकीट शेंगेन व्हिसा हाती आल्यावरच काढावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत यायचे असेल तर शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नये.

४. द हेगला पोहोचणे

डच लोक या शहराला ‘डेन हाग’ म्हणतात, आणि स्थानकांवर तेच नाव दिसते. इथे दोन मोठी स्थानके आहेत : ‘डेन हाग सेंट्राल’ आणि ‘डेन हाग एचएस’ म्हणजे हॉलंड्स स्पूर. ॲमस्टरडॅमहून येणाऱ्या काही गाड्या सेंट्रालला जातात, तर काही फक्त एचएसला थांबून रॉटरडॅमकडे निघून जातात. आपल्याला सेंट्राल हवे. तिथून संग्रहालय चालत दहा मिनिटांवर आहे, तर एचएसहून जवळपास दुप्पट वेळ लागतो. ॲमस्टरडॅमहून सुमारे पन्नास मिनिटे आणि स्खिपोल विमानतळावरून अर्धा तास, असा प्रवास आहे.

रेल्वे, ट्राम, बस सर्वत्र बँकेचे कार्ड यंत्राला लावून प्रवास सुरू करायचा आणि उतरल्यावर पुन्हा लावून संपवायचा, अशी पद्धत आहे. यात तीन चुका हमखास होतात. एक, उतरल्यावर कार्ड लावायचे विसरणे, म्हणजे जास्तीचे पैसे कापले जातात. दोन, चढताना प्रत्यक्ष कार्ड आणि उतरताना मोबाइल लावणे. खाते एकच असले तरी यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डे असतात. तीन, नवरा-बायकोने एकाच कार्डावर प्रवास करू पाहणे. एका कार्डावर एकच माणूस जातो. दुसऱ्याकडे कार्ड नसेल तर त्याचे तिकीट आधीच ऑनलाइन काढावे.

स्थानकातून बाहेर पडल्यावर ‘होफफायफर’ या आयताकृती तळ्याच्या दिशेने चालत राहावे. तळ्याच्या कडेला लांबलचक जुन्या इमारती दिसतात तो ‘बिनेनहोफ’, म्हणजे डच संसदेचा परिसर. तिथे २०२१पासून मोठी दुरुस्ती चालू आहे, त्यामुळे कुंपणे आणि वळवलेले रस्ते यांची तयारी ठेवावी. तळ्याच्या कोपऱ्यातली चौकोनी, नेटकी, उंच खांबांची इमारत म्हणजे मॉरित्सहाउस.

५. जमिनीखालचे दार, लॉकर आणि शिस्त

वाड्याचे जुने दर्शनी दार समोर दिसते, पण प्रवेश तिथून नाही. अंगणातल्या काचेच्या लिफ्टने किंवा शेजारच्या जिन्याने खाली उतरावे लागते. २०१२ ते २०१४ या काळात झालेल्या नूतनीकरणात रस्त्याखालून मोठे दालन काढून समोरची इमारत वाड्याला जोडली गेली. तिकीट तपासणी, दुकान, उपाहारगृह आणि स्वच्छतागृहे याच भागात येतात. लिफ्ट असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनाही सगळीकडे जाता येते.

पाठीवरची पिशवी, छत्री आणि मोठी पर्स लॉकरमध्ये ठेवावी लागते. पाण्याची बाटली आणि खाऊ वर नेता येत नाही. छायाचित्रे काढायला परवानगी आहे, मात्र फ्लॅश आणि सेल्फी स्टिक यांना मनाई आहे. बोट रोखून तपशील दाखवण्याची आपल्याला फार सवय असते. ते बोट चित्राच्या जवळ गेले की पहारेकरी नम्रपणे पण लगेच टोकतात. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी हवामान आंदोलकांनी मुलीच्या चित्राच्या काचेला स्वतःला चिकटवून घेण्याचा प्रकार इथेच घडला होता. चित्राला इजा झाली नाही, पण पहारेकऱ्यांची सावधगिरी समजून घ्यावी.

६. वर जाण्यापूर्वी वाड्याविषयी थोडेसे

योहान मॉरित्स हा सरदार डच वेस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातल्या ब्राझीलचा गव्हर्नर होता. याकोब फान काम्पेन या वास्तुविशारदाने त्याच्यासाठी हा वाडा आखला आणि १६४४ पर्यंत तो पूर्ण झाला. पैसा साखरेच्या मळ्यांशी, आणि म्हणून गुलामांच्या व्यापाराशी जोडलेला होता. त्या काळी लोक या वास्तूला ‘साखरेचा वाडा’ म्हणत. संग्रहालयही आज ही बाजू लपवत नाही. १७०४च्या आगीत आतला भाग जळून गेला, त्यामुळे आज दिसणारी आतली सजावट नंतरची आहे. १८२० साली सरकारने वाडा विकत घेतला आणि १८२२पासून राजघराण्याचा चित्रसंग्रह इथे लोकांसाठी खुला झाला.

मराठी वाचकाला डच लोकांची ओळख अगदीच नवी नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे ते हेच, आणि वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. चित्रे पाहताना एवढे लक्षात असू द्यावे, की समोरच्या टेबलांवरची चिनी भांडी आणि मिरपूड ज्या जहाजांतून आली, त्याच व्यापाराची एक दोरी आपल्या किनाऱ्यालाही बांधलेली होती.

७. पाहण्याचा क्रम : दहा चित्रे पुरेत

माझा आग्रह असा, की सर्व चित्रे पाहण्याच्या फंदात पडू नये. दोन तासांत दहा चित्रे निवडून प्रत्येकासमोर पाच-सात मिनिटे उभे राहावे, उरलेल्या वेळात बाकीच्यांवरून नजर फिरवावी. दालनांतली मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून क्रमांक देत नाही. आत मिळणारा नकाशा पाहावा.

*आधी थेट वरच्या मजल्यावर, मुलीकडे.* गर्दी जमण्यापूर्वी हे एक उरकून घ्यावे. सुमारे १६६५ सालचे हे चित्र ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर आहे, आणि पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची ‘एवढेच?’ अशी असते. आधी तीन-चार पावले मागून पाहावे, मग दोरीपर्यंत पुढे जावे. मागून स्पष्ट दिसणारे नाक जवळून पाहू लागलो की नाकाचा दांडा आणि गाल यांच्यामध्ये रेषाच नाही, हे ध्यानात येते. तोच प्रकार मोत्याचा. तो कानात अडकवायला कडी नाही, त्याला बाह्यरेखाही नाही. वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचे फिकट प्रतिबिंब, आणि बाकीचा मोती आपले डोळे तयार करतात. फेट्याचा निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा आहे, जो त्या काळी अतिशय महाग होता. मागचा काळोख मूळचा काळोख नव्हता : २०१८ साली झालेल्या तपासणीत तिथे हिरवा पडदा रंगवलेला होता असे दिसले, रंग काळाच्या ओघात बदलला. हे कोणा विशिष्ट मुलीचे व्यक्तिचित्र नाही. डच लोक अशा चेहऱ्याच्या अभ्यासाला ‘ट्रोनी’ म्हणतात. ती कोण होती, या प्रश्नात वेळ घालवू नये. १८८१ साली हे चित्र लिलावात अवघ्या दोन गिल्डरना विकले गेले होते, हे मात्र सोबतच्या हिशेबी नातेवाइकांना जरूर सांगावे.

*‘डेल्फ्टचे दृश्य’.* गर्दी मुलीकडे पाठ फिरवत नाही, म्हणून या चित्रासमोर बरेचदा मोकळी जागा मिळते, आणि माझ्या मते संग्रहातले सर्वश्रेष्ठ चित्र हेच आहे. जवळची तटबंदी ढगाच्या सावलीत आहे आणि ऊन मागच्या छपरांवर पडले आहे. नजर आपोआप गावाच्या आत ओढली जाते. उन्हात उजळलेला मनोरा ‘न्यू कर्क’ या चर्चचा आहे. त्यात घंटा दिसत नाहीत, आणि नव्या घंटा बसवण्याचे काम १६६० साली सुरू झाले होते, यावरून अभ्यासक चित्राचा काळ ठरवतात. उजवीकडच्या होड्यांवर फर्मीरने प्रकाशाचे बारीक थेंब शिंपडले आहेत. ते छापील प्रतीत नीट दिसत नाहीत, म्हणून तिथे अवश्य रेंगाळावे.

*‘गोल्डफिंच’.* कारेल फाब्रिशियसचे १६५४ सालचे हे चित्र ३३.५ बाय २२.८ सेंटीमीटरचे आहे. पिवळट भिंत, दाण्याची पेटी, तिच्या कडीवर बसलेला पक्षी आणि पायातली बारीक साखळी, एवढाच मामला. डच भाषेतल्या या पक्ष्याच्या नावाचा अर्थ ‘पाणी शेंदणारा’ असा आहे : त्याला पाळून, चिमुकल्या बादलीने पाणी शेंदायला शिकवत. पंखावरचा पिवळा पट्टा शोधावा. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला डेल्फ्टमधल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि त्यात ३२ वर्षांचा फाब्रिशियस गेला. त्याची थोडीच चित्रे आज उरली आहेत.

*‘डॉ. निकोलास टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’.* १६३२ साली रेम्ब्रांट पंचविशीत होता आणि ॲमस्टरडॅमच्या शल्यचिकित्सकांच्या संघाने त्याला हे काम दिले. प्रेत आरिस किंट नावाच्या, चोरीबद्दल फाशी गेलेल्या माणसाचे आहे. शवविच्छेदन थंडीत करीत, कारण उन्हाळ्यात प्रेत टिकत नसे. डॉक्टर उजव्या हातातल्या चिमट्याने बोटे वाकवणारे स्नायू उचलतात, आणि त्या स्नायूंनी बोटे कशी हलतात ते स्वतःच्या डाव्या हाताने दाखवतात. दोन्ही हात आळीपाळीने पाहावेत. मग प्रत्येक शल्यचिकित्सकाची नजर कुठे जाते ते तपासावे. कोणी पायाशी उघडलेल्या ग्रंथाकडे पाहतो, कोणी आपल्याकडे. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे कोणीच पाहत नाही. लहान मुले सोबत असतील तर या दालनात शिरण्यापूर्वी त्यांना कल्पना द्यावी. रेम्ब्रांटचे १६६९चे, म्हणजे मृत्यूच्या वर्षातले आत्मचित्रही याच संग्रहात आहे. ते लगोलग पाहिले तर सदतीस वर्षांत त्याचा रंग किती जाड आणि बेफिकीर झाला ते कळते.

*‘वळू’.* पाउलुस पॉटरने १६४७ साली, वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, जवळपास खऱ्या आकाराचा वळू रंगवला. चित्राची रुंदी तीन मीटरांहून अधिक आहे. फ्रेंच सैन्याने १७९५ साली ते पॅरिसला नेले आणि १८१५ साली ते परत आले. माझे सासरे सातारा जिल्ह्यातले शेतकरी. मुलीच्या चित्रासमोर ते जेमतेम मिनिटभर थांबले असतील, पण वळूसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले, आणि मग म्हणाले, “जावईबापू, ह्याचं पुढचं अंग खोंडाचं हाय, मागचं गोऱ्ह्याचं. एकाच जनावराचं न्हाई हे.” घरी येऊन वाचले तेव्हा कळले, की जाणकारांचेही हेच म्हणणे आहे : पॉटरने वेगवेगळ्या वयाच्या जनावरांच्या अभ्यासांवरून हा वळू जुळवला. पाठीवर घोंगावणाऱ्या माश्या, खाली शेणाचा पो आणि गवतातला बेडूक, हे तिन्ही मुलांना शोधायला सांगावे.

*यान स्टेनचे ‘जसे थोर गातात, तशी पोरे वाजवतात’.* आपल्या ‘खाण तशी माती’ या म्हणीचे हे चित्ररूपच आहे. घरात समारंभ चालू आहे, म्हातारी कागदावरून गाणे वाचते आहे, आणि हसत हसत पोराला चिलीम ओढायला शिकवणारा बाप म्हणजे स्वतः स्टेन. डच भाषेत बासरी वाजवणे आणि चिलीम ओढणे यांना एकच क्रियापद असल्याने विनोद दुहेरी होतो. पसारा असलेल्या घराला डच लोक आजही ‘यान स्टेनचे घर’ म्हणतात.

उरलेल्या चारांत क्लारा पेटर्सचे चीज आणि बदाम, याकोब फान राउसदालचे हार्लेमचे दृश्य, ज्यात दोन तृतीयांश आकाशच आहे, यूडिट लेस्टरची शिवणकाम करत राहून पैसे देऊ पाहणाऱ्या पुरुषाकडे ढुंकूनही न पाहणारी स्त्री, आणि फ्रान्स हाल्सचा हसरा मुलगा, ही माझी निवड. आपली वेगळी असू शकते.

८. बाहेर पडल्यावर

तिकीट टाकून देऊ नये. जवळच ‘प्रिन्स विल्यम पाचवा यांचे दालन’ आहे. १७७४ साली लोकांसाठी खुले झालेले हे देशातले पहिले सार्वजनिक संग्रहालय मॉरित्सहाउसच्या तिकिटातच पाहता येते. तिथे चित्रे जुन्या पद्धतीने जमिनीपासून छतापर्यंत दाटीवाटीने टांगली आहेत. त्याच्या वेळा वेगळ्या आणि कमी असतात, त्या त्याच दिवशी विचाराव्यात.

जेवणासाठी उपाहारगृहातल्या सँडविचवर भागवायचे नसेल तर शहरात सुरिनामी हिंदुस्थानी लोकांची रोटीची दुकाने शोधावीत. १८७३पासून कलकत्त्याहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत मजूर म्हणून नेलेल्यांचे हे वंशज. द हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. मऊ रोटी, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या शेंगा असे शाकाहारी ताट सहज मिळते, आणि आईने त्या सोमवारच्या तीन तासांबद्दल मला माफ केले नसले, तरी त्या रोटीबद्दल मात्र ती आजही चांगले बोलते.

दुपार शिल्लक असेल तर रेल्वेने पंधरा मिनिटांत डेल्फ्टला जावे. चित्रातला न्यू कर्कचा मनोरा तिथे उभा आहे आणि फर्मीरचे दफन झालेले ‘औडे कर्क’ थोड्याच अंतरावर आहे. गावाच्या दक्षिणेला पाण्याच्या पलीकडच्या काठावर, जिथून त्याने ते दृश्य पाहिले, तिथे आपल्यालाही उभे राहता येते. वेशीचे दरवाजे आता नाहीत. मनोरा ओळखू येतो. परतताना डेल्फ्टच्या स्थानकावर कार्ड पुन्हा लावायला विसरू नये.